सरकार निर्माता असतं तेव्हा: तार्कोव्हस्की, मॉसफिल्म आणि फायलीतून जाणारा चित्रपट

1977 च्या उन्हाळ्यात, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनियात टालिन शहराजवळ, यागाला नदीकाठी, बंद पडलेल्या जुन्या वीजकेंद्रांच्या आवारात एका चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. दिग्दर्शक आन्द्रेई तार्कोव्हस्की, चित्रपट 'स्टॉकर'. सेटवरच पडद्यावर चित्र बघून घ्यायची सोय तेव्हा नव्हती. दिवसभराचं काम डब्यात बंद व्हायचं, डबे मॉस्कोला मॉसफिल्म या सरकारी स्टुडिओच्या प्रयोगशाळेत जायचे, तिथे फिल्म धुतली जायची आणि मग कळायचं की नेमकं काय टिपलं गेलंय. त्या उन्हाळ्यात धुऊन आलेली फिल्म निकामी निघाली. बाहेरच्या दृश्यांचं जवळजवळ सगळं काम वाया गेलं. फिल्म कोडॅकची होती, म्हणजे परकीय चलन मोजून आणलेली आणि फुटाफुटाचा हिशोब ठेवून दिलेली. चूक प्रयोगशाळेची, फिल्मची की छायालेखकाची, यावर जाणकार आजही भांडतात.

आपल्याकडे असं झालं असतं तर चित्रपट तिथेच डब्यात गेला असता. निर्माता कर्जात बुडाला असता, दिग्दर्शकाला दोन-चार वर्षं कुणी दारात उभं केलं नसतं. 'स्टॉकर' मात्र दुसऱ्यांदा, जवळजवळ पहिल्यापासून चित्रित झाला, आणि त्यासाठीचे पैसे त्याच सरकारी व्यवस्थेने दिले, जिने या माणसाला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं होतं. असं कसं झालं हे समजून घ्यायचं तर सरकारी स्टुडिओ चालतो कसा हे आधी बघावं लागतं. तार्कोव्हस्कीवर मराठीत जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक त्याच्या पाऊस, पाणी, आग आणि लांबच लांब शॉट्सबद्दल असतं. ते योग्यच आहे. पण तो पगारी नोकर होता, त्याला वरिष्ठ होते, त्याच्या चित्रपटाची फाईल एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत होती, ही बाजू सहसा कुणी उलगडून सांगत नाही. मला ती त्याच्या शॉट्सइतकीच महत्त्वाची वाटते.

ऑगस्ट 1919 मध्ये लेनिनने सही केली आणि रशियातला चित्रपटधंदा सरकारच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी मॉस्कोत सरकारी चित्रपट शाळा सुरू झाली, तिला पुढे व्हगिक हे नाव मिळालं. तेव्हापासून जवळजवळ सत्तर वर्षं त्या देशात चित्रपटाला खासगी निर्माता असा नव्हताच (1920 च्या दशकातले थोडे अपवाद सोडले तर). स्टुडिओ सरकारचा, कॅमेरे सरकारचे, थिएटरं सरकारची, तिकिटाचे पैसेही सरकारच्याच तिजोरीत. मॉस्कोत मॉसफिल्म आणि गॉर्की स्टुडिओ, लेनिनग्राडला लेनफिल्म, शिवाय कीव्ह, ओडेसा, तिबिलिसी, टालिन, ताश्कंद इथले आपापले स्टुडिओ. या सगळ्यांच्या वर मॉस्कोत एक खातं होतं, गॉसकिनो. चित्रपट मंत्रालयच म्हणा. तार्कोव्हस्कीच्या कारकिर्दीत या खात्याचे दोन प्रमुख झाले: 1972 पर्यंत अलेक्सेई रोमानोव आणि 1972 ते 1986 फिलिप येर्माश. आणि गॉसकिनोच्याही वर कम्युनिस्ट पक्षाची केंद्रीय समिती. रोमानोव असो की येर्माश, त्यांनाही वरून फोन यायचे, हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच काही उलगडतं.

या व्यवस्थेत माणूस दिग्दर्शक व्हायचा तो परीक्षा देऊन. तार्कोव्हस्की 1932 चा. वडील आर्सेनी तार्कोव्हस्की नावाजलेले कवी. हा मुलगा आधी पौर्वात्य भाषा शिकायला गेला, ते शिक्षण सोडलं, वर्षभर सायबेरियाच्या जंगलात भूगर्भशास्त्रज्ञांच्या पथकाबरोबर हिंडला आणि 1954 मध्ये व्हगिकच्या दिग्दर्शन विभागात दाखल झाला. तिथे विद्यार्थी एका गुरूच्या हाताखाली असत. त्याचे गुरू मिखाईल रोम, स्वतः मोठे दिग्दर्शक.

तो शिकून बाहेर पडला ती वेळ त्याच्या पथ्यावर पडली. स्टालिनच्या शेवटच्या वर्षांत सरकारचं धोरण होतं की थोडेच चित्रपट काढायचे, पण प्रत्येक उत्तम काढायचा. प्रत्यक्षात झालं असं की 1951 साली अख्ख्या सोव्हिएत संघात मिळून जेमतेम 9 कथाचित्रपट निघाले. इतक्या कमी कामात नव्या पोराला संधी कुठली मिळणार? 1953 मध्ये स्टालिन गेला, ख्रुश्चेवचा काळ आला आणि हा आकडा झपाट्याने वाढवायचं ठरलं. पुढे तो वर्षाला शंभराच्या वर गेला. एवढे चित्रपट करायला माणसं कुठून आणायची? व्हगिकमधून. तार्कोव्हस्कीचा पदविका-चित्रपट, 'रोड रोलर आणि व्हायोलिन', हा सुद्धा शाळेत नाही, थेट मॉसफिल्ममध्ये झाला. 46 मिनिटांचा, रंगीत, पूर्ण पगारी चमूसह. आपल्याकडच्या कुठल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हे येतं?

आता चित्रपट मंजूर कसा व्हायचा ते सांगतो. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मॉसफिल्म म्हणजे एकच एक कारखाना नव्हता. त्याच्या आत निरनिराळे गट असत, 'सर्जनशील संघ' म्हणा हवं तर. प्रत्येक गटाचा एक प्रमुख, बहुधा एखादा ज्येष्ठ दिग्दर्शक, आणि त्याच्या हाताखाली 'रेदाक्तोर' म्हणजे संपादक. मराठीत आपण फिल्म जोडणाऱ्याला संकलक म्हणतो. रेदाक्तोरचं काम वेगळं. तो कागदाचा राखणदार. पटकथा वाचायची, लेखकाशी बोलायचं, काय चालेल आणि काय अडेल याचा अंदाज घ्यायचा, आणि वर कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं. चांगला रेदाक्तोर दिग्दर्शकाची ढाल व्हायचा. भित्रा असेल तर वरच्यांनी सांगायच्या आधीच तो कात्री काढायचा.

दिग्दर्शकाने आधी अर्ज द्यायचा, दोन-चार पानांचा. तो मान्य झाला की 'साहित्यिक पटकथा', कादंबरीसारखी वाचता येईल अशी. ती गटातून स्टुडिओच्या मंडळाकडे, तिथून गॉसकिनोच्या मंडळाकडे. प्रत्येक पायरीवर शेरे. मग 'दिग्दर्शकीय पटकथा', म्हणजे शॉटनिहाय आराखडा, त्यात किती मीटर फिल्म लागेल तेही आलं. तिचीही तीच वारी. मग अंदाजपत्रक, पूर्वतयारी, नटांच्या चाचण्या, आणि त्या चाचण्यासुद्धा कलामंडळापुढे दाखवायच्या. मग चित्रीकरण. कच्चं संकलन झालं की पुन्हा मंडळ, पुन्हा दुरुस्त्या. शेवटी चित्रपट 'सोपवायचा', आधी स्टुडिओला आणि मग गॉसकिनोला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. इथे सहा महिन्यांत एखादी पायरी ओलांडली तर नशीब.

कलामंडळाच्या बैठका म्हणजे नुसता छळ, असं चित्र अनेकदा रंगवलं जातं. ते मला अर्धवट वाटतं. मंडळात बसलेले बरेच जण स्वतः दिग्दर्शक, लेखक, छायालेखक असायचे. छोट्या दालनात चित्रपट बघायचे, दिवे लागले की एकेक जण बोलायचा आणि लघुलेखक शब्दन् शब्द टिपून घ्यायचा. ती इतिवृत्तं आज अभिलेखागारात आहेत. त्यांत दिसतं की सहकाऱ्यांनी अनेकदा दिग्दर्शकाची बाजू लावून धरली, कधी मनापासून झोडपलंही, आणि बरेचदा दोन्ही एकाच भाषणात. चित्रपट घडत असताना इतक्या जाणत्या डोळ्यांखालून जाणं ही कमी गोष्ट नव्हे. खरी अडचण त्या दालनाच्या बाहेर होती, जिथे निर्णय घेणारा माणूस समोर नसायचा आणि कारण कागदावर यायचं नाही.

पैशाचं गणितही वेगळं. दिग्दर्शक पगारावर असायचा आणि त्याची श्रेणी ठरलेली असायची, दुसरी, पहिली, सर्वोच्च. चालू चित्रपट संपला आणि नवा मंजूर झाला नाही की उत्पन्न आटायचं. चित्रपट पूर्ण झाल्यावर वेगळं मानधन मिळायचं, पण ते चित्रपटाला गॉसकिनो कुठला दर्जा देतं यावर. वरचा दर्जा म्हणजे प्रती जास्त, थिएटरं जास्त, जाहिरात, आणि संपूर्ण चमूच्या हातात बरे पैसे. खालचा दर्जा म्हणजे मोजक्या प्रती, उपनगरातलं थिएटर. म्हणजे बंदी न घालताही चित्रपट मारता यायचा. दर्जा कमी द्यायचा, की झालं.

यात आणखी एक चाक होतं आणि माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे. ते म्हणजे योजना. पोलाद कारखान्याला जसं टनांचं उद्दिष्ट, तसं स्टुडिओला चित्रपटांचं. ठरलेले चित्रपट ठरल्या वर्षात पूर्ण झाले नाहीत तर स्टुडिओच्या प्रमुखापासून सुतारापर्यंत सगळ्यांच्या बोनसला कात्री. त्यामुळे स्टुडिओची गरज एक, की हाती घेतलेला चित्रपट काहीही करून पुरा व्हावा. आणि गॉसकिनोची गरज दुसरी, की चित्रपटामुळे वरून बोलणी खायची वेळ येऊ नये. सरकार एकच, पण हे दोन हात एकमेकांच्या उलट ओढायचे. सुरू न झालेला चित्रपट थांबवायला काहीच लागत नव्हतं, नुसतं उत्तर द्यायचं नाही. सुरू झालेला चित्रपट मात्र थांबवणं फार महाग पडायचं.

तार्कोव्हस्कीचा पहिला मोठा चित्रपट याच फटीतून आला. मॉसफिल्मने युद्धातल्या एका पोरक्या मुलाच्या कथेवर चित्रपट सुरू केला होता, दिग्दर्शक दुसराच होता. झालेलं काम इतकं कमी प्रतीचं निघालं की डिसेंबर 1960 मध्ये ते बंद केलं गेलं. पैसा खर्च झालेला, योजनेत चित्रपट मांडलेला, आणि हातात काही नाही. 1961 च्या उन्हाळ्यात ते काम नुकत्याच शिकून आलेल्या तार्कोव्हस्कीला दिलं. अट अशी की जे पैसे उरलेत त्यातच भागवायचं. त्याने पटकथा बदलली, मुलगा बदलला, स्वप्नांची दृश्यं घातली आणि काही महिन्यांत चित्रपट पुरा केला. तोच 'इव्हानचं बालपण'. 1962 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकाचं वय तीस.

आता वाटेल की याच्यापुढे सगळी दारं उघडली असतील. पंधराव्या शतकात चर्चसाठी धार्मिक चित्रं काढणारा आन्द्रेई रुब्ल्योव याच्यावरच्या चित्रपटाचा अर्ज त्याने 1961 मध्येच दिला होता. पटकथा आन्द्रेई कोंचालोव्हस्कीबरोबर लिहिली. तिला हिरवा कंदील मिळेपर्यंत 1964 उजाडलं. 1966 च्या उन्हाळ्यात पहिली प्रत तयार झाली, 205 मिनिटांची. त्याच वर्षअखेर मॉस्कोच्या चित्रपटकर्मींच्या सभागृहात एक खेळ झाला आणि मग चित्रपट नाहीसा झाला. फार क्रूर आहे, फार लांब आहे, इतिहास काळाकुट्ट रंगवलाय, असे आक्षेप आले. 'बंदी' हा शब्द कुणी काढला नाही. दुरुस्त्या करा, मग बघू, एवढंच. त्याने काही कापलं, चित्रपट 186 मिनिटांवर आला, आणि ही छोटी आवृत्तीच मला जास्त पटते असं पुढे त्याने स्वतःच सांगितलं. तरीही काही हललं नाही.

हललं ते अनपेक्षित बाजूने. परदेशात चित्रपट विकणारं सोव्हिएत सरकारचं वेगळं खातं होतं आणि त्याला डॉलर-फ्रँक आणायचे होते. त्याने 'रुब्ल्योव'चे हक्क एका फ्रेंच वितरकाला विकले. 1969 मध्ये चित्रपट कानच्या महोत्सवात पोचला. सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या दबावामुळे तो स्पर्धेबाहेर, शेवटच्या दिवशी पहाटे चार वाजता दाखवला गेला. तरी समीक्षकांचं पारितोषिक त्यालाच मिळालं. मायदेशात प्रदर्शित व्हायला 1971 उजाडलं. पूर्ण झालेला चित्रपट पाच वर्षं पडून.

या पडून राहण्याला रशियनमध्ये एक शब्द आहे, 'पोल्का', म्हणजे फळी किंवा शेल्फ. चित्रपट 'फळीवर गेला' म्हणायचे. आपण 'डब्यात गेला' म्हणतो तसंच, पण एक फरक आहे. आपल्याकडे पैसे संपले म्हणून अर्धा राहिलेला चित्रपट डब्यात जातो. तिथे पुरा झालेला, पैसे चुकते झालेला चित्रपट फळीवर जायचा.

'रुब्ल्योव'चा शेवटचा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. बोरिस्का नावाचा पोरगा. घंटा ओतणारा बाप साथीत मेलेला. राजपुत्राची माणसं घंटाकार शोधत येतात तेव्हा हा सांगतो, घंटेचं गुपित मरताना बापाने मला सांगितलंय. मग खड्डा खोदणं, हवी तशी माती शोधत पावसात भटकणं, आपल्याहून दुप्पट वयाच्या कारागिरांवर ओरडणं, चांदी कमी पडली तर आणखी मागणं. घंटा वाजली नाही तर डोकं जाणार हे त्याला ठाऊक आहे. घंटा वर चढवतात, राजपुत्र घोड्यावर, सोबत परदेशी पाहुणे, लोलक झुलायला लागतो, एकदा, दोनदा, आवाज नाही, आणि मग तो घनगंभीर नाद. नंतर चिखलात पडून पोरगा रडतो, बापाने गुपित सांगितलंच नव्हतं म्हणून. हा भाग लिहिला तेव्हा तार्कोव्हस्कीचं वय तिशीच्या आसपास होतं आणि सरकारी पैशाने काम करणं म्हणजे काय हे तो नुकतंच शिकत होता. पुण्यात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो श्रद्धेवरचा चित्रपट वाटला होता. आता ती घंटा वाजायच्या आधीचे क्षण बघताना कलामंडळाचं दालन डोळ्यांसमोर येतं.

पुढची कारकीर्द याच तालावर गेली. 'सोलारिस' ही विज्ञानकथा, म्हणजे निरुपद्रवी, असं समजून मंजुरी तुलनेने सोपी गेली. पण चित्रपट बघितल्यावर 1972 च्या सुरुवातीला तीसच्या वर सूचनांची यादी आली, ती त्याने डायरीत उतरवून ठेवली आहे. भविष्यातलं जग नीट दाखवा, नायक कुठल्या समाजव्यवस्थेतून आलाय ते स्पष्ट करा, देवाची कल्पना काढा, अशा. त्याने थोडंफार केलं, बरंचसं केलं नाही, आणि चित्रपट पास झाला. कानला ज्यूरीचं विशेष पारितोषिक मिळालं. हट्टाने थांबून राहिलं की कधीकधी समोरचा कंटाळतो, हे तंत्र त्याने आत्मसात केलं होतं. दुसऱ्यांची तंत्रं वेगळी होती. विनोदी चित्रपटांचे बादशहा लिओनिद गैदाई यांनी एका चित्रपटाच्या शेवटी मुद्दाम अणुस्फोटाचं दृश्य चिकटवलं होतं, अधिकाऱ्यांनी त्याच्यावर तुटून पडावं आणि बाकीचं सुटावं म्हणून, असं सांगितलं जातं.

'आरसा' या आत्मचरित्रात्मक चित्रपटाच्या वेळी दर्जाचं हत्यार बाहेर आलं. संकलन वीसेक वेळा बदलून 1974 मध्ये चित्रपट तयार झाला. दुसरा दर्जा मिळाला, प्रती थोड्या, मॉस्कोत काही मोजकी थिएटरं. कानला तो हवा होता, गॉसकिनोने पाठवला नाही. चमूला पैसे कमी मिळाले. या काळात तार्कोव्हस्की घर चालवायला टालिनच्या स्टुडिओसाठी एक पटकथा लिहीत होता. तिच्यावर त्याने कधी चित्रपट केलाच नाही.

हिशोब मांडला तर 1962 ते 1979 या सतरा वर्षांत पाच चित्रपट. आणि याच मॉसफिल्ममध्ये सेर्गेई बोंदार्चुक 'युद्ध आणि शांती' करत होते तेव्हा सरकारने लष्कराचे हजारो सैनिक दिमतीला दिले, संग्रहालयांनी सामान दिलं. गैदाईंचा 'हिऱ्याचा हात' 1969 मध्ये सात कोटींच्या वर तिकिटं खपवत होता. सरकारी स्टुडिओ म्हणजे सगळ्यांना सारखी फूटपट्टी, असं मुळीच नव्हतं. लोकप्रिय चित्रपटांच्या कमाईवर सगळा डोलारा उभा होता आणि त्या कमाईत आपलाही वाटा होता. राज कपूरचा 'आवारा' 1954 मध्ये तिथे लागला आणि त्याची सहा कोटींच्या वर तिकिटं खपली. तार्कोव्हस्कीच्या पंधरा-वीस लोकांसाठीच्या लांबलचक शॉट्सना त्या पैशातलेही काही रुबल पोचले असणार, हा विचार मला फार आवडतो.

आता 'स्टॉकर'कडे परत. फिल्म खराब, पैसे संपलेले. चित्रपट इथे बंद केला तर योजनेत भोक, झालेला खर्च बुडीत खात्यात, आणि जाब द्यायला स्टुडिओप्रमुख निकोलाय सिझोव आणि खुद्द येर्माश. तेव्हा तोडगा असा निघाला की हा चित्रपट 'दोन भागांचा' म्हणून नव्याने मंजूर करायचा. दोन भागांच्या चित्रपटाला जास्त पैसा, जास्त फिल्म, जास्त दिवस मंजूर होतात. म्हणजे कागदावर बुडीत काहीच गेलं नाही, एका भागाचे दोन झाले. पहिला छायालेखक गेओर्गी रेरबेर्ग बाहेर पडला, अखेर अलेक्सांद्र क्न्याझिन्स्कीने चित्रपट पुरा केला. कलादिग्दर्शन तार्कोव्हस्कीने स्वतःच्या अंगावर घेतलं. मधेच 1978 मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. 1979 मध्ये चित्रपट पूर्ण झाला. आज तो आपण पाहतो तो या कागदी युक्तीमुळे, आणि ती युक्ती ज्यांनी चालू दिली ते तेच अधिकारी, ज्यांच्याबद्दल त्याच्या डायरीत कडवटपणे लिहिलेलं आहे. मला दोन्ही खरं वाटतं. 1980 मध्ये त्याला रशियन प्रजासत्ताकाचा 'जनतेचा कलाकार' हा किताबही मिळाला.

आपल्या प्रभातची इथे हटकून आठवण येते. कोल्हापूर आणि मग पुणे, तिथेही स्टुडिओ पद्धतच होती, माणसं पगारावर होती. पण 'संत तुकाराम' करणारे दामले आणि फत्तेलाल हे कंपनीचे भागीदारही होते. मंजुरी मागणारा आणि देणारा एकच. मॉसफिल्ममध्ये मालक कुणीच नव्हतं, त्यामुळे ठाम 'हो' म्हणायला कुणी नव्हतं, आणि ठाम 'नाही' म्हणायलाही. प्रभातच्या त्याच आवारात 1960 मध्ये सरकारी चित्रपट संस्था आली, आणि तिथे शिकणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी हे रशियन चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिले.

1982 मध्ये तार्कोव्हस्की इटलीला गेला, 'नॉस्टॅल्जिया'साठी, इटालियन दूरचित्रवाणीच्या पैशावर आणि सोव्हिएत परवानगीने. बायको बरोबर, लहान मुलगा मात्र मॉस्कोत आजीपाशी ठेवावा लागला. चित्रपट झाला, परवानगीची मुदत संपत आली, त्याने आणखी काळ मागितला, पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. 10 जुलै 1984 रोजी मिलानमध्ये पत्रकारांसमोर त्याने आपण परतणार नाही असं जाहीर केलं. मुलाला बाहेर पडायची परवानगी जानेवारी 1986 मध्ये मिळाली, बापाला फुप्फुसाचा कर्करोग झाल्यानंतर.

शेवटचा चित्रपट 'सॅक्रिफाइस' त्याने 1985 मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटावर केला. अखेरच्या दृश्यात अख्खं घर जळतं, एका सलग शॉटमध्ये. घर पेटलं आणि कॅमेरा अडकला. घर राख झालं, दृश्य मिळालं नाही. इथे कागदावर दोन भाग करायची सोय नव्हती. पैसे निघाले, थोड्याच दिवसांत तसंच घर पुन्हा उभं केलं आणि पुन्हा जाळलं. म्हणजे पश्चिमेतही त्याचा चित्रपट वाचला, फक्त तिथे निर्णय समोरासमोर झाला आणि त्याला दिवस लागले, महिने नाहीत. पण तिथे चित्रीकरणाचा एकेक दिवस पैशात मोजला जातो, याचा जाच त्याला नवा होता.

29 डिसेंबर 1986 रोजी पॅरिसमध्ये तो वारला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मॉस्कोत चित्रपटकर्मींच्या संघटनेचं पाचवं अधिवेशन भरलं होतं. जुने पदाधिकारी मतदानात पडले आणि एलेम क्लिमोव संघटनेचा प्रमुख झाला. त्याचा स्वतःचा एक चित्रपट दहा वर्षं फळीवर पडून होता. त्याने एक समिती नेमली, ती फळ्या धुंडाळायला लागली आणि शंभरहून जास्त चित्रपट बाहेर काढले. 1990 मध्ये सरकारने तार्कोव्हस्कीला मरणोत्तर लेनिन पारितोषिक दिलं.

त्या फळीवर अलेक्सांद्र अस्कोल्दोवचा 'कोमिसार' होता. गॉर्की स्टुडिओत 1967 मध्ये पुरा केलेला, क्रांतीनंतरच्या यादवी युद्धातल्या एका गरोदर स्त्री-अधिकाऱ्याची आणि तिला आसरा देणाऱ्या गरीब ज्यू कुटुंबाची गोष्ट. अस्कोल्दोवला स्टुडिओतून काढलं, पक्षातूनही काढलं. त्याच्यासाठी कुणी फ्रान्सला हक्क विकले नाहीत, कागदावर दोन भाग केले नाहीत. सगळं खुलं व्हायला लागलं तेव्हाही त्याची फाईल मागेच राहिली. 1987 च्या मॉस्को महोत्सवात एका पत्रकार परिषदेत एका परदेशी पत्रकाराने विचारलं, अडवलेले सगळे चित्रपट आता सुटले का? तेव्हा मागे बसलेला अस्कोल्दोव उठला आणि बोलायला वेळ मागितला. काही दिवसांत 'कोमिसार'चा खेळ झाला, वीस वर्षांनी. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला. अस्कोल्दोव 2018 मध्ये वारला. त्याने दिग्दर्शित केलेला तेवढा एकच कथाचित्रपट आहे.